तयारीचा शनिवार

मी सैतानाला एकदा हरवलं आहे. हे लिहिताना हात जरा थांबला, कारण आपला मोठेपणा आपणच सांगणं आमच्या ख्रिस्ती मंडळीत बरं मानत नाहीत. पण ते वाक्य मी खोडणार नाही. मला आयुष्यात फारसं काही जिंकता आलेलं नाही. शाळा दुसरीत सुटली, नवरा लग्नानंतर पाचव्या वर्षी गेला, आणि गाव सुटलं ते सुटलंच. ही एक लढाई मात्र माझी आहे. ती रोहण्याच्या एका अंगणात, शनिवारी भर दुपारी, तूर निवडणाऱ्या बायकांच्या देखत झाली. आणि त्या वेळी तिथून दोन कोसांवर अठरा माणसं माझ्यासाठी उपाशी बसून होती. त्यांची आठवण झाली की अजून डोळे भरतात.

मी नगरकडची. सत्तर साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा वर्धा जिल्ह्यात आले. आमच्याकडच्या पाळकांनी चिठ्ठी दिली होती, ती छातीशी धरून पुलगावला उतरले आणि आर्वीकडे जाणारी छोटी गाडी धरली. ती इतकी जपून चालायची की मला वाटलं, हीसुद्धा माझ्यासारखीच घाबरट आहे. रोहण्यापासून दोन कोसांवरच्या एका गावात मिशनचा लहानसा दवाखाना होता. दोन खोल्या, एक पडवी, मागे विहीर, आणि आम्हा कामाच्या माणसांना राहायला चार खोल्यांची ओळ. तो दवाखाना एक सिस्टरबाई चालवायच्या. एकट्या होत्या, कडक होत्या, आणि रविवारच्या उपासनेत बाजाची पेटीही त्याच वाजवायच्या. मला त्यांनी झाडायला, पाणी उकळायला आणि पट्ट्या धुवायला ठेवलं.

मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटायची. हातातून भांडं निसटलं तरी वाटायचं, आता घालवतील. पहिल्या दिवशी कंपाउंडरनी दारातून विचारलं, "काऊन वो बाई, जेवली नाई का अजून?" बिचाऱ्यांनी मायेने विचारलं होतं. पण तो सूर माझ्या कानाला नवा होता. मला वाटलं रागवतायत, आणि मी रडायला लागले. पुढे तेच कंपाउंडर आमच्या मंडळीतले वडील म्हणून माझे मोठे आधार झाले, पण ते रडणं त्यांनी मला शेवटपर्यंत ऐकवलं.

दवाखान्याच्या जोडीला एक काम होतं. दर गुरुवारी एक म्हातारी बाई शास्त्राचं पुस्तक पिशवीत घालून आसपासच्या गावांत जायची आणि घरोघरच्या बायकांना वाचून दाखवायची. बायका तिला पुस्तकवाली म्हणायच्या. मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पडवीत पट्ट्या गुंडाळता गुंडाळता सिस्टरबाईंनी मला विचारलं, "तुला वाचता येतं ना गं?"

"येतं," मी म्हणाले.

एवढंच. तोंडातून गेलं तेव्हा ते मला खोटंसुद्धा वाटलं नाही. अक्षरं ओळखत होते मी. पण जोडाक्षर आलं की अडायचे, आणि एक ओळ लावेपर्यंत चुलीवरचं दूध उतू गेलं असतं. त्याऐवजी माझ्याकडे दुसरं एक होतं. माझ्या आईला वाचता येत नव्हतं, पण ऐकून ऐकून तिला शास्त्रातल्या कितीतरी गोष्टी जशाच्या तशा पाठ होत्या. भाकऱ्या थापताना ती त्या सांगायची. तव्यावरची भाकरी उलटली की गोष्टही पुढे सरकायची. तिच्याकडून त्या माझ्यात उतरल्या. नवीन भाग लागला तर मी बुधवारी सिस्टरबाईंकडे पुस्तक घेऊन जायचे. "तुमच्या तोंडून ऐकलं की मन लागतं," म्हणायचे. त्या खूश व्हायच्या. कितीही दमलेल्या असल्या तरी चष्मा लावून वाचून दाखवायच्या. दोनदा ऐकलं की माझं पाठ. गुरुवारी पुस्तक उघडून मांडीवर धरायचं, त्याच्याकडे बघायचं आणि घडाघडा म्हणायचं. बायका म्हणायच्या, ह्या बाईसारखं कोणाला वाचता येत नाही.

सैतान म्हटलं की लोकांना शिंगं आठवतात. त्या भागात तर चिंचेवर, पांदणीत, जुन्या विहिरीत भुतं बसलेली असायची. कोणी कोणी मला विचारायचं, "बाई, तुमच्या येशूच्या नावानं भूत पयते का?" मी हो म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे. पण माझा सैतान चिंचेवर बसणारा नव्हता. तो शुद्ध बोलायचा, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा. "हे पाहा बाई," म्हणायचा, "तुम्ही देवाचंच वचन सांगता ना? मग ते डोळ्यांवाटे आलं काय आणि कानांवाटे आलं काय!" त्याचं म्हणणं नेहमी अर्धं खरं असायचं.

रोहण्याला मी ज्या घरी बसायचे ते पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच शेतकऱ्याचं घर होतं. घरात सासूबाईंचं राज्य. आवाज असा की हाक अंगणात मारली तर वावरात ऐकू जावी. पहिल्या गुरुवारी त्यांनी मला फाटकातच उभं केलं होतं. तेव्हा त्यांची सून आतून म्हणाली होती, "मामी, आयकून तं घेऊ. गोष्टीनं काई बाटते का मानूस?" तिकडे सासूला मामी म्हणतात. ही सून तळेगावची, चांगली सातवी पास झालेली, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. तिच्या त्या एका वाक्यामुळे मला त्या ओसरीवर जागा मिळाली. आणि माझ्यामुळे तिलाही मिळाली. पहाटेपासून ती राबायची. गुरुवारी दुपारचा तेवढा एक तास ती सुपात धान्य घेऊन भिंतीला टेकून बसायची. त्याखेरीज तिला बसलेली मी कधी पाहिली नाही.

एका गुरुवारी मी आईची आवडती गोष्ट सांगायला घेतली. प्रभू येशू रानात चाळीस दिवस उपाशी होता आणि सैतान त्याची परीक्षा घ्यायला आला, ती. सैतान म्हणतो, ह्या दगडांच्या भाकरी कर, इथपर्यंत आले तर सासूबाई मध्येच म्हणाल्या, "गोट्याच्या भाकरी? असा मंतर मले येता तं चूल कायले फुकत बसली असती मी!"

शेजारच्या दोघी हसल्या. मी पुढे गेले. मग सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो, खाली उडी टाक म्हणतो, आणि वर शास्त्रातलंच वचन काढून दाखवतो की देवदूत तुला झेलतील. मी ते सुरात म्हटलं, जसं आई म्हणायची.

सुनेने सुपातून मान वर केली. "म्हंजे सैतानालेबी पाठ होतं?"

"होतं तर," मी म्हणाले.

"अन् त्याले पुस्तकबी नाई लागलं," ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

दुसऱ्या कोणाला त्यात काही दिसलं नाही. मी मात्र मांडीवरचं पुस्तक जरा अंगाकडे ओढलं. निघताना ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. कवाड धरून हळूच म्हणाली, "बाई, एक इचारू? एवढी मोठी गोष्ट सांगतली, पण पान काऊन नाई पलटवलं तुमी?"

मी पुस्तक छातीशी धरून वाट धरली. घरी परतताना दोन कोस तो शुद्ध बोलणारा माझ्याबरोबर चालत होता. ती सांगणार. सासू गावभर करणार. गोष्ट दवाखान्यात पोचणार. मग खोली जाणार, काम जाणार, आणि नगरला परत जायचं तर तिथे तुझं आहे कोण? आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही.

पुढच्या गुरुवारी सून विहिरीवर गेली होती तेवढ्यात मी सासूबाईंना म्हणाले, "मावशी, एक बोलू का? देवाची गोष्ट चालू असते तेव्हा सूनबाईंचं लक्ष नसतं. मध्येच थट्टा करतात. त्यांना त्या वेळी दुसरं काही काम दिलं तर बरं."

सासूबाई देवाधर्माला फार जपणाऱ्या. देव कोणाचाही असो. त्यांचा चेहराच बदलला. त्यानंतरच्या गुरुवारी भिंतीपाशी सूप नव्हतं. सून वावरात गेलती, असं शेजारणीने सांगितलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नव्हती. मी पुस्तक उघडून खुशाल सांगत बसायचे. कोणी काही विचारायचं नाही. माझी भीती गेली होती, आणि गोष्टीतली चवही गेली होती. मी म्हणायचे आणि माझे डोळे त्या रिकाम्या भिंतीकडे जायचे.

आता आमची एक रीत सांगायला हवी. दर तीन महिन्यांनी वर्ध्याहून पाळकसाहेब यायचे आणि रविवारी प्रभुभोजन व्हायचं, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी मेजापाशी जाऊन सगळ्यांनी भाकरी वाटून घ्यायची. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या पडवीत तयारीची उपासना असायची. तीत पाळकसाहेब विचारायचे, कोणाशी वाकडं आहे का? कोणाचं मन दुखवलंय का? असेल त्याने तिथल्या तिथे उठायचं, जाऊन मिटवायचं आणि परत यायचं. तो परत येईपर्यंत बाकीच्यांनी गाणी म्हणत बसायचं. शेवटचं आमेन तोवर म्हणायचं नाही, आणि आमेन झाल्याशिवाय कोणी जेवायचं नाही. दुसरीकडे कुठे मी अशी रीत पाहिली नाही. आमची मंडळी होती मुलाबाळांसकट वीसेक माणसांची, त्यामुळे भांडणंही बेताची असायची. कोणाच्या कोंबड्या कोणाच्या कोथिंबिरीत शिरलेल्या, कोणी विहिरीवरचा दोर ओला ठेवलेला. दोघी उठायच्या, विहिरीमागे जाऊन थोडं बोलायच्या, थोडं रडायच्या आणि दोन गाणी व्हायच्या आत परत यायच्या. मी कधीच उठले नव्हते. विचारलं की मान हलवायचे, मन साफ आहे.

त्या शनिवारी पाळकसाहेबांनी प्रश्न विचारला आणि तो नेहमीचा माझ्या कानाशी आला. "तुमचं काय भांडण? ती बाई तर मंडळीतली नाही. तिचा ह्या प्रभूच्या मेजाशी संबंध काय?" बोलणं कायद्याला धरून होतं. आणि त्याच क्षणी मला सुनेचे शब्द आठवले, सैतानालेबी पाठ होतं. मला एकदम कळलं की कित्येक महिने माझ्याशी गोड बोलणारा हा कोण आहे. नाव कळलं की भीती निम्मी होते म्हणतात. माझी नाही झाली. पण मी उठले.

"रोहण्याला जाऊन यायचंय," मी म्हणाले.

पडवीत चुळबुळ झाली. कंपाउंडर म्हणाले, "रोहण्याले? अवो बाई, दोन कोस हाय ते! अन् तिथं आपल्या मंडळीतलं कोन हाय?"

"कोणी नाही. एका घरच्या सुनेचं मन दुखवलंय."

"मंग उद्या जाजो. तयारी मंडळीपुरती असते वो."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. लेकरं भुकेली होतील एवढीच त्यांना काळजी. मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ काढलं, पाहिलं आणि परत खिशात ठेवलं. "जा बाई," म्हणाले. "आम्ही बसतो."

ऊन चढलं होतं. संक्रांत होऊन गेली होती, वावरांत तुरीची धसकटं उभी होती आणि पऱ्हाटीवर शेवटचा उरलासुरला कापूस लोंबत होता. वाटेत चार वेळा तरी मी थांबले असेन. एकदा तर पार मागे वळले. मग आठवलं की मी गेल्याशिवाय तिकडे आमेन होणार नाही. अठरा माणसं अडकवून ठेवली होती मी. त्यांनी मला खरं सांगितलं तर ढकलत नेलं.

अंगणात सासूबाई आणि शेजारच्या तिघी तूर निवडत होत्या. "आज शनिवारी कशी आली बाई?" सासूबाई म्हणाल्या. "बस. पानी देऊ का?"

मी उभीच राहिले. "मावशी, मला वाचता येत नाही."

"म्हंजे?"

"पुस्तक नुसतं उघडून धरते. सगळं पाठ सांगते."

मग एक शेजारीण म्हणाली, "पुस्तक सोंगालेच होतं म्हना!" आणि सगळ्या हसल्या. सासूबाई सगळ्यांत मोठ्यांदा. "अवं, मंग का झालं? मले तरी कोठी येते वाचाले? कीर्तनकार का पोथी पाहून सांगते? एवढ्यासाठी उनातानात आली? पागल हायेस बाप्पा!"

मी हे कुठल्याच रात्री असं कल्पिलं नव्हतं. ज्याला मी एवढी भीत होते ते तुरीच्या फोलपटासारखं उडून गेलं होतं. आणि तेवढ्यात तो पुन्हा बोलला, किती मऊ आवाजात! "झालं की बाई. कबूल केलंत, सुटलात. आता पाणी प्या आणि चला. मंडळी उपाशी आहे." मी सांगते, उभ्या वाटेत त्याचा एवढा जोर कधी लागला नव्हता जेवढा त्या हसण्याच्या वेळी लागला. पाण्याचा गडू माझ्या हातात होता.

मी गडू खाली ठेवला.

"अजून आहे," मी म्हणाले. "तुमच्या सुनेला ते कळलं होतं. तिने मला एकटीला विचारलं, चारचौघांत नाही. ती कुठे बोलेल म्हणून मला भीती वाटली. म्हणून मी तुम्हाला खोटं सांगितलं. ती थट्टा करत नव्हती. सगळ्यांत जास्त लक्ष तिचंच असायचं."

सूप थांबलं. सासूबाईंचं हसू गेलं.

"माह्या सुनेवर खोटा आळ घेतला तू?"

"होय."

"अन् मी तिले बोलली. देवाच्या गोष्टीची मस्करी करते म्हनून बोलली, सगळ्याईसमोर. दुपारचं बसणं बंद केलं तिचं." त्या माझ्याकडे पाहत होत्या, पण बोलत स्वतःशीच होत्या. "थे पोट्टी एका शब्दानं उलटून नाई बोलली. माह्या तोंडून पाप करवलं बाई तू."

मला वाटलं, आता हाकलतील. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "चाल."

वावर जवळच होतं. सून पऱ्हाटीत वाकलेली, कमरेला कापसाची ओटी बांधलेली. सासूबाईंनी हाक मारली तशी दचकून उभी राहिली. "इकडे ये वं. ह्या बाईले काई सांगाचं हाय."

मी सांगितलं. सगळं, जसं होतं तसं. ती ओटीतल्या कापसाला चिकटलेले पाचोळ्याचे तुकडे काढत राहिली. मग म्हणाली, "मले मालूम होतं."

"काय?"

"तुमीच सांगतलं थे. मामी दुसऱ्या कोनाचं आयकत नाई."

"मग बोलली का नाहीस गं?"

"काऊन बोलू? तुमचं येणं बंद झालं असतं. नौकरीबी गेली असती. परगावची बाई तुमी, जाता कोठी मंग?"

मी जिला भीत होते ती माझं न वाचणं आणि माझी चुगली, दोन्ही झाकून वावरात वाकून उभी होती, आणि तिने तर कधी आमच्या पुस्तकातलं एक पानही वाचलेलं नव्हतं. सासूबाई पुढे झाल्या, सुनेच्या कमरेची ओटी स्वतः सोडली, बांधावरचं कापसाचं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि घराकडे चालायला लागल्या. सासूने सुनेचं ओझं उचललेलं मी त्या गावात दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

"मला माफ कर," मी म्हणाले.

"माफी राहू द्या," सून म्हणाली. सासू पुढे गेल्यावर तिला हसू आलं होतं. "गुरुवारी येजा. पुस्तक मी धरतो. तुमी आयका."

परत येताना मी धावले. इतक्या वर्षांत धावल्याचं आठवत नव्हतं. गावाबाहेरच्या वळणावर आले तेव्हा उन्हं कलली होती आणि मला गाणं ऐकू आलं. घसे बसलेले, सूर कुठल्या कुठे गेलेला, पेटी एकीकडे आणि माणसं एकीकडे. पण थांबलेले नव्हते. अठराच्या अठरा जागेवर. लहानगी आपापल्या आयांच्या मांडीवर झोपली होती. कंपाउंडर मला बघून म्हणाले, "आली वो! आता तं आमेन म्हना साहेब, पोट पाठीले लागलं!"

"थांबा," मी म्हणाले. "आणखी एक आहे."

"बाप्पा!" कंपाउंडर म्हणाले आणि परत खाली बसले.

मी सिस्टरबाईंकडे वळले आणि मला वाचता येत नाही, आता रोहण्याची सून शिकवणार आहे, हे त्यांना सांगितलं. त्यांचा हात पेटीच्या भात्यावर होता. तो थांबला, आणि आतली हवा हळूहळू निघून जाण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यांनी एकच विचारलं, "बुधवारी?"

"बुधवारीसुद्धा," मी म्हणाले. "तुमच्याकडून ऐकून पाठ करायचे."

त्यांनी पेटीचा भाता लावून टाकला. मग म्हणाल्या, "साहेब, आमेन म्हणा."

दिवेलागणीला त्या माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत. "काम पट्ट्यांचं कर," म्हणाल्या. "गुरुवारी पुस्तक ने. पण शिकायला ने. येईल तेव्हा वाचून दाखव." काम गेलं नाही, खोली गेली नाही. पण एक गेलं. बुधवारी चष्मा लावून त्या मला वाचून दाखवायच्या, ते त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. त्यांच्या मनाला लागलं होतं, आणि ते लागायलाच हवं होतं. जिंकणाऱ्याचंही काही जातं. मला त्या बुधवारांची अजून हुरहुर आहे.

दुसऱ्या दिवशी प्रभूच्या मेजाशी गेले. भाकरीचा तुकडा घेतला. कंपाउंडरांच्या बायकोने मला आपल्या शेजारी जागा केली. मी ताठ बसले होते. अंगाला पट्ट्यांच्या साबणाचा वास येत होता आणि मला वाटत होतं, आज इथे माझ्याएवढी श्रीमंत कोणी नाही.

त्यानंतर दीड वर्ष मी दर गुरुवारी रोहण्याला शिकायला गेले. सून पऱ्हाटीच्या काडीने एकेक अक्षर दाखवायची. जोडाक्षरापाशी मी अडले की काडी तिथेच ठेवून वाट बघायची, सांगायची नाही. भिंतीला टेकून ती हक्काने बसायची, कारण आता ती कामाला बसलेली होती. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "बाई झाली पोट्टी अन् आमची सून झाली मास्तरीन." मी सांगते, ते लोक आमच्या मंडळीत आले नाहीत, मी कधी त्यांना या म्हटलंही नाही. पण त्या सैतानाशी मी लढले तेव्हा देवाने माझ्या बाजूला त्या दोघी उभ्या केल्या होत्या, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.

वाचता यायला लागलं तेव्हा मी पहिल्यांदा ती रानातली गोष्टच काढली. ती शास्त्रात एकाहून जास्त ठिकाणी आहे, हे मला तेव्हा नवंच होतं. एका ठिकाणी शेवटच्या वाक्याशी मी अडले. दोनदा वाचलं. सैतान निघून गेला हे तर आई सांगायची. पण तिथे पुढे आणखी होतं, की तो काही वेळापुरताच गेला. आईने हे कधी सांगितलं नव्हतं. तिला ते ठाऊकच नव्हतं, का मी भित्री म्हणून तिने ते गाळलं, आता विचारायला ती नव्हती.

"म्हंजे तो परत येते म्हना की," सून म्हणाली.

"येऊ दे," सासूबाई सुपातून म्हणाल्या. "त्याले बसवू इथं अन् तूर निवडाले लावू."

तो आला. कितीदा तरी आला. त्यातली एकच वेळ सांगते. ऐंशीनंतर आमच्या दवाखान्यातल्या कामाच्या माणसांना कायम करायचं ठरलं आणि प्रत्येकाला एक फॉर्म भरायला दिला. सिस्टरबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या. "आण, मी भरते," असं त्या दुसऱ्यांना म्हणाल्या. माझ्यापुढे त्यांनी नुसतं पेन ठेवलं. नाव लिहिलं, गाव लिहिलं. पुढे रकाना होता, शिक्षण. आणि आला तो, तसाच नीटनेटका. "सातवी लिहा बाई. आता तर खरंच सातवीइतकं वाचता येतं तुम्हाला. त्यात खोटं ते काय?"

सिस्टरबाई खिडकीबाहेर बघत होत्या. पण त्या बघत नव्हत्या, वाट पाहत होत्या, हे मला कळत होतं.

मी लिहिलं, दुसरी. जोडाक्षर नव्हतं तरी जपून लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. सिस्टरबाईंनी कागद उचलला, चष्मा लावला आणि तो एवढासा फॉर्म मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला.